नव्या रीफ टँकमध्ये (कोरल वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) शेवाळ असताना कोरल कधी टाकावं?
पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर चढतोच. ते डायटम्स, म्हणजे सूक्ष्म शेवाळ; पाण्याचा झोत लागला की उडतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठी कोरल अडवून ठेवायची गरज नाही, फक्त पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी घटक शून्य हवेत.

हिरवं, लांब केसांसारखं शेवाळ असेल तर मात्र थांबा. ते कोरलच्या बुडापासून वर चढतं आणि त्याला नीट उघडूच देत नाही. दगड बाहेर काढून टँकच्याच पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, शेवाळ खाणाऱ्या ट्रोकस गोगलगायी सोडा. पाणी आरओ-डीआयचंच (आरओनंतर उरलेले क्षारही काढणाऱ्या फिल्टरचं) वापरा, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. स्वयंपाकघरातल्या आरओवर भागत नाही.

शेवाळाचं खाद्य असलेले नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर आणायच्या नादी लागू नका. मग डायनोफ्लॅजलेट्स या सूक्ष्मजीवांचा बुडबुडे धरलेला चिकट थर येऊ शकतो, आणि तो शेवाळापेक्षा चिवट. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) पुरे.

सुरुवात एकाच मश्रूम कोरलने करा, तळाशी, कमी उजेडात. झोअँथिड (छोट्या फुलांसारखे दिसणारे, कोरलचे नातलग जीव) घ्यायचे तर हातमोजे घालूनच हाताळा. काहींत पॅलीटॉक्सिन हे जबर विष असतं. आणि भारतात कठीण (दगडी सांगाड्याचे) कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, दुकानदार काहीही सांगो.