ग्रीन कार्डावर क्रूझला निघताय? आधी बंदरांची यादी वाचा

‘पासपोर्ट लागत नाही, जन्मदाखला आणि फोटो ओळखपत्र पुरे,’ असं अमेरिकेतल्या क्रूझबद्दल सर्रास ऐकू येतं. ही सवलत अमेरिकन नागरिकांची आहे आणि तीही क्लोज्ड लूप क्रूझपुरती, म्हणजे ज्या अमेरिकी बंदरातून जहाज सुटतं तिथेच ते परत येतं तेव्हा. ग्रीन कार्डधारकाचा, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना असलेल्या पण नागरिक नसलेल्याचा, हिशेब वेगळा. कार्ड अमेरिकेत परतायला उपयोगी पडतं. वाटेतले देश मात्र तुमचा पासपोर्ट कुठला आहे ते बघतात.

१. प्रत्येक बंदराचा नियम शोधा

सगळ्यांत वेळखाऊ काम हेच, आणि तिकिटाचे पैसे भरायच्या आधी करायचं. मार्गावरच्या ज्या देशाचा नियम सर्वांत कडक, तोच तुमचा नियम. ‘आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही’ या युक्तिवादावर विसंबू नका. खाली उतरा वा न उतरा, जहाज कंपन्या सहसा सगळ्या बंदरांची कागदपत्रं मागतात.

सिएटलहून अलास्काला जाऊन येणारं जहाज घ्या. अलास्का अमेरिकेतच, मग परदेश आला कुठून? १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून बहुतेक जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. कॅनडाला ग्रीन कार्डधारकाकडून वैध पासपोर्ट आणि वैध ग्रीन कार्ड दोन्ही लागतात. एप्रिल २०२२ पासून व्हिसा किंवा ईटीएची (ऑनलाइन प्रवास परवानगीची) गरज मात्र नाही. मेक्सिकोही वैध ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट असल्यास व्हिसा मागत नाही. कॅरिबियन बेटांना एकच नियम लागू असल्याचं धरून चालू नका, प्रत्येक देश स्वतंत्र तपासा.

युरोपात ग्रीन कार्डाचा फारसा उपयोग नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा) लागतोच, आणि खरी मेख आहे ती प्रवेशांच्या संख्येत. जहाज इटलीहून निघालं, शेंगेनमध्ये नसलेल्या मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला थांबलं आणि पुढे क्रोएशियातल्या स्प्लिटला गेलं, तर तुम्ही शेंगेनबाहेर पडून पुन्हा आत आलात. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो. मल्टिपल एंट्री मागायला हवी. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे जुनी माहिती वाचून ठरवू नका. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या महिन्यावर ढकलाल तर अपॉइंटमेंटसाठी पळापळ ठरलेली.

२. पासपोर्टची मुदत

प्रवास संपल्यानंतरही किमान सहा महिने शिल्लक हवेत. सगळेच देश इतके मागत नाहीत, पण बरेच मागतात. कमी असतील तर आधी नूतनीकरण करून घ्या, व्हिसाचे अर्ज नव्या पासपोर्टवर.

३. ग्रीन कार्डाची तारीख

कार्ड संपलंय किंवा संपत आलंय? कार्डाच्या नूतनीकरणासाठीच्या आय-९० अर्जाची पावती सप्टेंबर २०२४ पासून कार्डाची वैधता ३६ महिने वाढवते. लग्नामुळे मिळालेलं दोन वर्षांचं सशर्त कार्ड असलेल्यांनी अटी काढून घ्यायचा आय-७५१ अर्ज भरला असेल तर त्याची पावती ४८ महिन्यांची. मुदत संपलेलं कार्ड आणि पावती जोडीनेच दाखवायची असतात. अमेरिकेत परतायला हे चालतं, पण परदेशी बंदरातला अधिकारी ती पावती बघून बुचकळ्यात पडू शकतो. माझ्या मते अशा वेळी यूएससीआयएसच्या (ग्रीन कार्ड देणाऱ्या अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या) संपर्क केंद्राला फोन करून पासपोर्टवर आय-५५१ चा, म्हणजे कायम रहिवासी असल्याचा, तात्पुरता शिक्का घेणं बरं. त्याला अपॉइंटमेंट लागते, म्हणून लवकर हालचाल करा.

४. नावं जुळवा

आपल्याकडे इथेच घोळ होतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधोमध, ग्रीन कार्डावर ते गायब, आणि बुकिंग लग्नानंतरच्या आडनावावर! बुकिंग पासपोर्टवरच्या नावानेच करा. ग्रीन कार्डावरचं नाव वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवा.

मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर न आलेल्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या.

५. जहाज कंपनीकडून लेखी उत्तर घ्या

राष्ट्रीयत्व, ग्रीन कार्ड आणि जहाजाची तारीख लिहून ईमेल करा. एजंट फोनवर ‘चालेल हो’ म्हणाला, हे चेक-इनच्या काउंटरवर कामाला येत नाही. कागद अपुरे म्हणून जहाजावर घेतलं नाही तर पैसेही सहसा परत मिळत नाहीत, कारण कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाचीच असते.

६. निघताना

क्लोज्ड लूप असली तरी पासपोर्ट घरी ठेवू नका. मध्येच आजारी पडलात किंवा जहाज चुकलं तर परदेशातून विमानाने यावं लागेल. पासपोर्ट आणि ग्रीन कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये, छापील प्रती दुसऱ्या बॅगेत. ग्रीन कार्ड हरवलं तर पोलिसांत नोंद करा आणि जवळच्या अमेरिकी दूतावासात आय-१३१ए, म्हणजे परतीच्या प्रवासाच्या कागदासाठीचा, अर्ज करा. मंजूर झाल्यावर पासपोर्टवर एक चिकटपत्र लावून देतात, त्यावर विमानात बसता येतं. त्याला काही दिवस जाऊ शकतात, तेवढे राहण्या-खाण्याचे पैसे हाताशी असू द्या.