फुकटच्या वायफायवर पैसे भरताय? या चुका टाळा

गणपती आटोपून मुंबईला परतणारे आमचे काका स्टेशनवर बसले होते. मोबाइलचं इंटरनेट चालत नव्हतं, पण वायफायच्या यादीत स्टेशनच्या नावापुढे ‘फ्री’ लिहिलेलं दिसलं. जोडलं, तर पान उघडलं: पडताळणीसाठी १ रुपया भरा. कार्डाचे सोळा आकडे, मुदत, मागचे तीन आकडे. काका म्हणाले, “अरे, एकच रुपयो मागतत मा!” आणि भरून मोकळे. ओटीपी आला. नशीब, चष्मा डोळ्यांवर होता. मेसेजात १ रुपया नव्हता, १९ हजार होते.

ओटीपी दिला नाही म्हणून पैसे वाचले, पण कार्डाचे आकडे गेलेच होते. कार्ड तिथल्या तिथे बंद करावं लागलं.

लोकांना वाटतं, वायफायवर पैसे हवेतूनच उडतात. सहसा तसं होत नाही. बँकेच्या अ‍ॅपमधली माहिती सांकेतिक होऊनच बाहेर पडते आणि यूपीआय तुमच्या सिमला नि फोनला बांधलेलं असतं. ते फोडत बसण्यापेक्षा तुमच्याच हातून सगळं लिहून घेणं चोराला सोपं. म्हणून पहिली चूक म्हणजे नावावर विश्वास ठेवणं. आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला स्टेशनचं, जेटीचं, खानावळीचं, कुठलंही नाव कोणीही देऊ शकतो. फुकट वायफायला मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणं नेहमीचं आहे. कार्ड नंबर किंवा यूपीआय पिन मागितला की उठायचं. आणि ओटीपी टाकण्याआधी मेसेज पूर्ण वाचायचा: कोणाकडून आला, कशासाठी, रक्कम किती.

दुसरी चूक फोन स्वतःच करतो. एकदा जोडलेलं बिनपासवर्डचं वायफाय तो नावावरून ओळखतो आणि पुढच्या खेपेला तुम्हाला न विचारता जोडतो, मग ते नाव खरं असो वा नकली. गाडीत बसलात की सेटिंग्जमध्ये जाऊन ते नेटवर्क ‘फरगेट’ करा, ऑटो-कनेक्टही बंद ठेवा.

ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं, तरी त्यावरही विश्वास नको. कुलूप म्हणजे वाट बंदिस्त आहे एवढंच. ती कोणाच्या दारात जाते ते कुलूप सांगत नाही. खोट्या साइटलाही कुलूप मिळतं. उलट बँकेची साइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा आला, तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा.

होडीवाल्याला यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. अ‍ॅपमधला व्यवहारांचा इतिहास बघा. खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ते आपोआप परत यायला हवेत: व्यक्तीला पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला असतील तर ५ दिवसांत. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. घाबरून गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधणं ही यातली सर्वांत महाग चूक. तिथे बरेचदा चोरच फोन उचलतो आणि तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतो.

पैसे गेलेच, तर आधी वायफाय तोडा, कार्डामागच्या नंबरवर बँकेला कळवा, मग १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार नाही. पण ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यापुढचं बँकेचं. रविवार आहे, उद्या शाखेत जाऊ, असं करत बसू नका.

आमच्या होमस्टेचा वायफाय पासवर्ड ओटीच्या भिंतीवरच लिहिलाय. सगळ्यांना माहीत, म्हणजे त्याच नावाचं नि पासवर्डचं दुसरं वायफायही कोणी उभं करू शकतो. म्हणून पाहुण्यांना सांगतो, माशांच्या ताटाचे फोटो इथून खुशाल पाठवा. बिल भरायला मात्र खळ्यात तुळशीपाशी या, तिथे मोबाइलला दोन दांड्या मिळतात.