दुबईच्या गोल्डन व्हिसासाठी पैसे पाठवताना मर्यादा आडवी आली तर

गोल्डन व्हिसा म्हणजे दुबईत दीर्घकाळ राहण्याचा परवाना; त्यासाठी घेतलेलं घर २० लाख दिरहॅमचं, म्हणजे सुमारे ५.४५ लाख डॉलर. मडगावच्या बँकेतून अर्ज परत: परदेशी पाठवायची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला २.५ लाख डॉलरच.

दुसऱ्या बँकेत गेलो, पण मर्यादा बँकेवर नाही, पॅनवर मोजतात. बायकोच्या खात्यातून पाठवायला गेलो, तर ती सहमालक नाही म्हणून नकार. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, पण करारात तिचं नाव नव्हतं. दोन महिने जीव मेटाकुटीला आला.

शेवटी आधी खरेदी करारात तिचं नाव सहमालक म्हणून घातलं. मग मार्चमध्ये आपापल्या खात्यातून, वेगवेगळे ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरून, प्रत्येकी २.५ लाख डॉलर पाठवले. १ एप्रिलला मर्यादा नव्याने सुरू झाली, तेव्हा उरलेले ४५ हजार. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २०% टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) लागतो. तेवढे पैसे वेगळे हाताशी ठेवा. ते आयकर विवरणपत्रात वळते होतात.