लांब पोलिश शब्द शेवटून मोजा

लांबलचक पोलिश शब्द वाचताना जोर कुठे द्यायचा तेच कळत नाही. सोपा उपाय आहे: शेवटून मोजायचं.

१. स्वर मोजा, 'वाय'सुद्धा स्वरच. जितके स्वर, साधारण तितकी अक्षरं, म्हणजे उच्चाराचे तुकडे. दुसऱ्या एखाद्या स्वराच्या लगेच आधी आलेला 'आय' सहसा सोडा. तो व्यंजन मऊ करण्यापुरता असतो.

२. शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर द्या. शिक्षक म्हणजे ना-ऊ-चि-चेल, जोर 'चि'वर. शिक्षिका म्हणजे ना-ऊ-चि-चेल-का. एक अक्षर वाढलं, जोर 'चेल'वर सरकला! म्हणून शब्दाचं रूप बदललं की पुन्हा मोजाच. मला तरी याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

जपून: गणितासाठीच्या 'मा-ते-मा-ति-का'सारख्या परक्या शब्दांत प्रमाण उच्चारात जोर शेवटून तिसऱ्यावर, म्हणजे दुसऱ्या 'मा'वर येतो.