नोकरीवरून काढल्यावर या चुका टाळा

नोकरीवरून अन्यायाने काढलेल्या कर्मचाऱ्याचा दावा बहुतेक वेळा न्यायालयात पोहोचण्याआधीच दुबळा होतो, कारण पहिल्या काही दिवसांत कशावर सही करायची आणि काय लेखी मागायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दबावाखाली राजीनामा लिहून देणे. ‘बडतर्फीचा डाग लागण्यापेक्षा राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला चांगला देऊ’, असे सांगितले जाते. परंतु स्वेच्छेने दिलेला राजीनामा ही कायद्याच्या दृष्टीने कामगार कपात नसते आणि नोटीस, भरपाई, चौकशी या सगळ्या मागण्यांचा पायाच निघून जातो. सही होऊन गेली असेल, तर ती कोणी, कोठे आणि काय सांगून घेतली, हे शक्यतो त्याच दिवशी ई-मेलने व पोचपावतीसह टपालाने कळवावे. सहा महिन्यांनी केलेली तीच तक्रार मागाहून सुचलेली वाटते.

‘उद्यापासून येऊ नका’ एवढे तोंडी ऐकून घरी बसणेही तितकेच घातक आहे, कारण पुढे मालक हमखास सांगतो की कामगारच न कळवता काम सोडून गेला. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावे आणि फाटकावर अडवले, तर तारीख-वेळेसह तसे पत्र पाठवावे. नेमणूकपत्र, पगारचिठ्ठ्या आणि स्वतःच्या हजेरीच्या नोंदी जपून ठेवाव्यात. कपातीची नोटीस व भरपाई मागायची, तर मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्याचे प्रथम कामगारालाच दाखवावे लागते.

हुद्द्यात ‘मॅनेजर’ असल्यामुळे आपल्याला कामगार कायदा लागूच नाही, असे परस्पर ठरवू नये. न्यायालय हुद्द्याचे नाव नव्हे, तर प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहते.

मुदतीबाबत गाफील राहू नये. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे मालकाच्या कायद्याने मनाई केलेल्या वागणुकीची, तक्रार ९० दिवसांत करायची असते, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वाद उद्भवून दोन वर्षे उलटल्यावर समेट अधिकारी, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी, तो हाती घेत नाही.

हिशेबाची रक्कम नाकारण्याची गरज नाही. ‘माझे हक्क राखून स्वीकारत आहे’ असे लिहून ती घ्यावी, मात्र ‘कोणतीही मागणी उरलेली नाही’ या मजकुराखाली सही करू नये. वेतन संहितेनुसार काढून टाकल्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत थकीत पगार मिळायला हवा. पात्र कर्मचाऱ्याच्या उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हिशेब महिना २६ दिवसांचा धरून दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराचा असतो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार ३०,००० रुपये आणि सेवा आठ वर्षांची असेल, तर ती रक्कम सुमारे १,३८,४६२ रुपये होते.

मागील पगाराबाबत, म्हणजे काढल्यापासून कामाबाहेर राहिलेल्या काळाच्या पगाराबाबत, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या खटल्यात स्पष्ट केले की, आपण अन्यत्र कमावत नव्हतो, हे कर्मचाऱ्याने आधी मांडले पाहिजे. त्यानंतर उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. म्हणून केलेल्या नोकरीच्या अर्जांच्या आणि आलेल्या नकारांच्या प्रती तारखेनुसार लावून ठेवाव्यात, आणि मध्यंतरी काही काम मिळाले असेल, तर ते प्रतिज्ञापत्रात लपवू नये.