जुन्या ट्रॅक्टरला जुना राऊंड बेलर घ्यायचा असेल तर

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, घरची धानाची शेतीही आहे. हार्वेस्टरनं कापलेल्या बांधीतली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, गोळा करायला माणूस मिळत नाही. राऊंड बेलर ती उचलून गोल गठ्ठे बांधतो, म्हणून दर हंगामात कोणी ना कोणी विचारत येतो, "भाऊ, जुना राऊंड बेलर भेटून राहिला, आपल्या ट्रॅक्टरवर चालेल का?" त्याच्या दारात बहुधा महिंद्रा २६५, मॅसी १०३५ नाहीतर जुना स्वराज ७३५ असतो. सगळे एचपी सांगायला लागतात. मी आधी क्लच विचारतो.

राऊंड बेलरचं काम असं की गठ्ठा भरला की ट्रॅक्टर जागेवर थांबवायचा, पण पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्र फिरवणारा शाफ्ट) फिरत ठेवायचा, तेव्हाच सुतळी गुंडाळली जाते. डबल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पायडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात आणि पीटीओ चालू राहतो. सिंगल क्लचमध्ये पायडल दाबलं की दोन्ही बंद. मग गिअर न्यूट्रल करून क्लच सोडायचा, आणि भरलेल्या गठ्ठ्यासकट सगळे रोलर शून्यापासून पुन्हा फिरवायचे. प्रत्येक गठ्ठ्याला असा झटका बसला की क्लचप्लेट लवकर झिजते आणि शिअर बोल्ट (जादा भार आला की मशीन वाचवायला आधी तुटणारे) तुटत राहतात. चालतच नाही असं नाही, हलका हात असलेला ड्रायव्हर चालवतो. पण आपल्याकडे काय आहे ते आधी पाहा: पीटीओ लावून पहिल्या लो गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवा आणि क्लच सावकाश अर्धा दाबा. ट्रॅक्टर थांबला आणि शाफ्ट फिरत राहिला तर डबल. डबल असूनही दोन्ही एकदमच थांबत असतील तर क्लचची सेटिंग गेली आहे, ती आधी करून घ्या.

आता एचपी. २६५ हा ३० एचपीचा. पीटीओवर त्यातले पंचविसेक मिळतात, आणि इंजिन बोअरला आलेलं (आतून झिजलेलं) असेल तर तेही नाहीत. एवढ्यात फक्त मिनी राऊंड बेलर बसतो, साधारण ६० सेंमी जाडीचा आणि ९०-९५ सेंमी लांबीचा गठ्ठा करणारा. कोरड्या तणसीचा असा गठ्ठा वीस किलोच्या आसपास भरतो, एक माणूस ट्रॉलीत टाकू शकतो. चार फुटी गठ्ठ्याचा मोठा बेलर कितीही स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या. त्याला ५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर लागतो, आणि मशीनचं वजनच एवढं की ओल्या बांधीत जुना ट्रॅक्टर जागेवर चाकं फिरवत बसेल. मिनी बेलरमध्येसुद्धा सुरुवातीला भार नसतोच, गठ्ठा घट्ट होत आला की एकदम येतो. म्हणून गठ्ठ्याचा दाब कमी करता येतो का ते विचारा, आणि नुसतं विचारू नका, करून दाखवायला लावा. जुन्या मशीनमध्ये ती सेटिंग गंजून एका जागी बसलेली असते.

चाल तेवढीच महत्त्वाची. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून ट्रॅक्टर किती हळू जातो ते पाहा. ताशी दोन-अडीच किलोमीटरनं जात असेल तर जाड ओळही पचते. जुन्या गिअरबॉक्सला लो नीट लागत नसेल तर तणीस पिकअपच्या (ती उचलणाऱ्या काट्यांच्या) तोंडाशी चोंदते, आणि मग ड्रायव्हर आरपीएम उतरवून चाल कमी करतो. तिथून सगळं बिघडत जातं. आरपीएमचं मीटर बंद असेल (जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा असतंच) तर शाफ्टला चमकणारी पट्टी चिकटवून हातातल्या टॅकोमीटरनं फेरे मोजता येतात.

गठ्ठा बाहेर टाकणारा बेलरचा मागचा दरवाजा कशानं उघडतो तेही बघा. ट्रॉली उचलायच्या पाइपवर एकाच बाजूनं तेल जातं. दरवाजा स्वतःच्या वजनानं खाली येत असेल तर तो पाइप पुरतो. दोन पाइपचा जॅक असेल तर ट्रॅक्टरला वेगळा व्हॉल्व्ह बसवावा लागेल. काही जुन्या ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंपही क्लचच्या मागून चालतो, म्हणजे पायडल पूर्ण दाबलं की दरवाजाही जागेवर अडकतो.

चौकोनी बेलर घेऊ का, असंही कोणी विचारतं. त्यात गाठ मारणारी यंत्रणा असते, आणि ती बिघडली की तिचा जाणकार गावात सापडत नाही. शिवाय त्याचं जड फ्लायव्हील सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला क्लच दाबल्यावरही पुढे ढकलतं. राऊंडमध्ये सुतळी नुसती गुंडाळून कापली जाते, गाठ नाही. हलक्या ट्रॅक्टरला तोच बरा.

मशीन पाहायला जाताना टॉर्च आणि जुने कपडे. पीटीओ काढलेला, इंजिन बंद. दरवाजा वर केला की त्याचा लॉक लावल्याशिवाय आत डोकं घालू नका. मग एकेका रोलरचं टोक दोन्ही हातांनी धरून हलवा. खटखट झाली तर बेरिंग गेलं. बेरिंग स्वस्त आहे, त्याचा नंबर नागपूरला सहज मिळतो. पण त्याच्या आतला शाफ्ट घासलेला असेल तर रोलर काढून लेथवर न्यावा लागतो, तो खर्च वेगळाच. बेरिंगच्या आसपास रंग जळून काळा पडलेला दिसला तर तिथं मशीन तापलेली आहे. कोरड्या तणसीत तापलेलं बेरिंग म्हणजे आग. असा रोलर एखाददुसरा असेल तर भाव पाडा, तीन-चार असतील तर घरी या. रोलरच्या टोकांवरच्या वेल्डिंगमध्ये बारीक चिरा आहेत का तेही पाहा. ताजा रंग मारलेला असेल तर नखानं खरवडून.

चेन स्प्रॉकेटवरून बोटानं बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन ताणलेली आहे, आणि दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर स्प्रॉकेटही बदलायचं. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टिकत नाही, मालक "चेन नवीनच टाकली" म्हणाला तर उलट स्प्रॉकेट जास्त नीट बघा. पिकअपचे तुटलेले काटे ही किरकोळ गोष्ट आहे. गिअरबॉक्सचं तेल दुधासारखं असेल तर पाणी शिरलं आहे, त्यात चकाकणारा चुरा असेल तर दात झिजताहेत. पीटीओ शाफ्टचे क्रॉस (सांधे) हलवून बघा, आणि वळताना शाफ्ट आत पूर्ण दाबला जाऊन ठोकत तर नाही ना, हे आपल्याच ट्रॅक्टरला जोडून पाहा.

रिकाम्या मशीनचा आवाज ऐकून पैसे देऊ नका. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उन्हाळी धान होतं तिथं मे महिन्यात, नाहीतर दिवाळीनंतर खरिपाच्या कापणीत, शेतातच चालवून बघा. पावसाळ्यात मशीन स्वस्त मिळते, पण तेव्हा कोठ्यातली जुनी तणीस पसरून का होईना, गठ्ठे काढायला लावा. शक्यतो आपला ट्रॅक्टर न्या. गठ्ठा भरत आला की इंजिन दबेल, सुतळी सुरू झाली की सावरायला हवं. काळा धूर सोडत दबतच गेलं तर दाब कमी करून पुन्हा बघा. सुतळी दोन्ही टोकांपर्यंत जाते का, साफ कापली जाते का, आणि गठ्ठा ट्रॉलीवरून खाली टाकला तर उकलतो का, हे डोळ्यांनी पाहा. दव असताना सकाळी चाचणी घेऊ नका. ओली तणीस चांगल्या मशीनच्याही रोलरला गुंडाळते. आणि अडकलेली तणीस पीटीओ चालू ठेवून हातानं ओढायची नाही, चाचणीतही नाही.

वऱ्हाडातले पाहुणे सोयाबीनच्या कुटारासाठी (भुशासाठी) विचारतात. थ्रेशरचं बारीक कुटार पिकअप उचलतच नाही. उचललंच तर रोलरच्या फटीतून गळतं. तिथं हा पैसा घालू नका. हार्वेस्टरच्या गव्हाचं काड मात्र छान बांधलं जातं.

शेवटी कागद. बेलर अनुदानावर घेतलेला असेल तर ठरावीक मुदतीत विकणार नाही असं हमीपत्र मालकानं लिहून दिलेलं असतं. मूळ बिल मागा, मुदत संपली का ते कृषी कार्यालयात विचारा आणि मगच बयाणा द्या.