सोलोच्या सेकातेन जत्रेला जाताय? मग हे वाचा

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या सोलो शहरात सेकातेनची जत्रा बघायची असेल तर आधी तारीख चेक करा, कारण ती पैगंबर जयंतीला धरून असते आणि दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते. बरेच जण संध्याकाळी पाळण्यात बसून परत येतात, पण खरी मजा बाजूच्या मशिदीच्या आवारात आहे, तिथे राजवाड्याचं जुनं गामेलान (पारंपरिक वाद्यवृंद) वाजतं, काशाच्या गाँगचा आवाज छातीत घुमतो अक्षरशः! फक्त गुरुवारी रात्री ते बंद असतं, शुक्रवारच्या नमाजनंतरच परत सुरू होतं. खांदे गुडघे झाकलेले कपडे घाला, सुट्ट्या नोटा ठेवा. आणि पत्र्याची ओतोक-ओतोक बोट घ्याच, सेम आपल्या जत्रेतली फटफट बोट, परातीत पाणी घेऊन वात पेटवली की चालते.